नोंदवहीतली मारुतीची सही

भाद्रपद लागला की माझ्या मोबाइलला ताप चढतो. धरणातून पाणी सोडणार, अमुक वाजता सोडणार, काठावरच्यांनी सावध राहावं, असे निरोप दिवसातून दहा वेळा येतात. एकच निरोप नऊ जण पाठवतात आणि दहावा विचारतो, खरं आहे का? आमच्या भांड्यांच्या गल्लीत हा प्रश्न पूर्वी मला विचारायचे. आता मी उत्तर देत नाही, म्हणून विचारतही नाहीत. निरोप आला की मुकाट्याने खालच्या फळीवरचे हंडे उचलतो आणि माळ्यावर चढवायला लागतो. बायको खालून शिडी धरते. शिडी धरताना ती एक शब्द बोलत नाही, आणि सत्तावीस वर्षांच्या संसारात मला तिचं इतकं स्पष्ट दुसरं काही ऐकू आलेलं नाही.

नदी चढायला लागली की गल्लीत आधी वास येतो. चिखलाचा नव्हे, चिखल नंतरचा. हा वास वरच्या कुठल्या तरी गावातल्या ओल्या गवताचा, सडक्या झेंडूचा आणि थोडासा धातूचा असतो. तांब्याच्या भांड्यातलं शिळं पाणी तोंडाशी नेताना येतो ना, तसा. आमची गल्ली उतरती आहे. वरच्या तोंडाला बाजार, खालच्या तोंडाला गोदावरी. मधोमध माझं दुकान. तांब्या-पितळेची भांडी विकतो आणि त्यांवर नावं कोरून देतो. अगदी खाली, नदीकडून दुसरं दुकान युनूसभाई पिंजाऱ्यांचं: गाद्या, उशा, रजया. त्यांच्या दारात कापूस पिंजला जात असला की गल्लीत हिवाळ्यासारखं धुकं तरंगतं आणि माझ्या पितळेवर बारीक पांढरी मिशी उगवते. उतारावर राहणाऱ्याला एक गोष्ट लवकर कळायला हवी, की जे जे वाहतं ते शेवटी खालच्याच्या दारात जाऊन थांबतं. मला ती कळायला एक पूर आणि त्यानंतरची सहा वर्षं लागली.

पात्रात आमचा दुतोंड्या मारुती उभा आहे. नाशिककरांच्या पुराचं माप म्हणजे तो. घोट्याला पाणी लागलं की बघायला जायचं. गुडघ्याला लागलं की चहा सांगायचा. कमरेला लागलं की खालच्या फळ्या रिकाम्या करायच्या, छातीला लागलं की शटर ओढायचं, आणि गळ्याशी आलं की देवाचं नाव घ्यायचं, तेही दुसऱ्या देवाचं, कारण हा स्वतःच बुडत असतो. सरकारच्या आकड्यांपेक्षा गल्लीचा या मापावर विश्वास. आणि गल्लीतर्फे हे माप वाचणारा मी. हे पद मला कुणी दिलं नव्हतं. ज्याचा आवाज मोठा त्याला असली पदं आपोआप चिकटतात. मी छत्री घेऊन जायचो, पुलावरून बघायचो, परत येताना प्रत्येक दुकानातून विचारणा व्हायची, "अण्णा, कुठवर?" मी न थांबता सांगायचो, "गुडघा." विषय संपला.

मारुती आलेलं पाणी सांगतो, येणारं सांगत नाही. एवढी साधी गोष्ट. चाळीस वर्षं त्याच्याकडे बघून ती माझ्या ध्यानात आली नव्हती.

सहा वर्षांपूर्वीचा, गौरी-गणपतीच्या आधीचा शुक्रवार होता. पाऊस असून नसल्यासारखा. गल्ली बायकामाणसांनी गच्च भरलेली. कुणाला ताम्हण हवं, कुणाला समया, कुणाची पळी हरवलेली आणि पंचपात्री शाबूत. मी नुकताच पुलावरून गुडघ्याचा निकाल घेऊन आलो होतो आणि गिऱ्हाइकांना माझीच एक फजिती रंगवून सांगत होतो. एका मुंजीच्या पन्नास तांब्यांवर बटूचं नाव कोरायचं, तर मी आचाऱ्याचं कोरलं होतं. यजमानाने दिलेल्या चिठ्ठीची चुकीची बाजू वाचली होती. आचारी तांबे घेऊन जायला निघतो, इथवर गोष्ट आली होती. आणि तेवढ्यात भोंगा वाजला.

पूर आला की सरकार कुणाही कारकुनाला रेनकोट घालून रस्त्यावर उभं करतं. आमच्या वाट्याला पगारे भाऊसाहेब आले होते. बारीक अंगाचे, पँट पोटरीपर्यंत दुमडलेली, एका हातात भोंगा, काखेत प्लास्टिकच्या पिशवीत नोंदवही. जीप गल्लीत शिरेना म्हणून पायीच आले होते. "नागरिकांना सूचित करण्यात येते की," एवढं म्हणेपर्यंत दोन बायका घाबरून समया खाली ठेवून चालायला लागल्या.

"भाऊसाहेब," मी म्हटलं, "जरा बंद करा तो भोंगा. गिऱ्हाईक पळतंय. मारुतीच्या गुडघ्याला पाणी आहे, मी आत्ता बघून आलोय."

"दुपारनंतर जास्त सोडणार आहेत, शेठ. खालची दुकानं रिकामी करायला सांगितलंय."

"खालच्यांना मी सांगतो. घरचीच माणसं आहेत. तुम्ही किती भिजलात, चहा घ्या."

पगारे सकाळपासून हिंडत होते आणि अजून कितीतरी गल्ल्या त्यांच्या नावावर होत्या. ते जरा घुटमळले. मग भोंगा खाली गेला. मला तो खाली जाताना अजून दिसतो. एका पेल्याच्या बदल्यात मी काय विकत घेत होतो, ते मला कळलं नव्हतं. त्यांना मात्र वाटलं असणार, या माणसाचा आवाज आपल्या भोंग्यापेक्षा मोठा आहे, सांगेल सगळ्यांना. चहा पिता पिता त्यांनी नोंदवही पुढे केली. वेळ, ठिकाण, आणि सूचना मिळाल्याची सही. गल्लीतल्या एका जबाबदार माणसाची.

जबाबदार माणूस म्हटल्यावर मला हसूच आलं. बायका बघत होत्या. आचाऱ्याची गोष्ट अर्धवट राहिली होती, त्यामुळे एक हशा मला येणं होता. मी पेन घेतलं आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं: मारुती दुतोंडे, राहणार नदीचे पात्र. शेजारच्या बाईंना दाखवलं. त्या इतक्या हसल्या की त्यांनी ताम्हणाबरोबर समईपण घेतली. पगाऱ्यांनी वाचलं नाही. पावसाच्या भीतीने वही लगेच पिशवीत सारली, "चला, सांगा मग खाली," म्हणाले आणि गेले.

आणि मी विसरलो. यामागे एखादं मोठं कारण असतं तर किती बरं झालं असतं. कुणाशी वैर, कसला हेवा, निदान कसली घाई. तसं काही नव्हतं. कुणीतरी म्हणालं, आचाऱ्याचं पुढे काय झालं, आणि मी सांगायला लागलो.

दोनच्या सुमारास पाणी खालून आलं. आमच्या गल्लीत पूर धावत येत नाही, उंबरा चढून बसल्यासारखा येतो. आधी झाकण्या तरंगल्या. मग पातेली. मग रिकाम्या घागरी एकमेकींवर आपटत गल्लीभर फिरायला लागल्या, आणि तो आवाज, सांगू नये पण सांगतो, फार गोड होता. देवळात आरतीला घंटा किणकिणाव्यात तसा. माझा माल पितळेचा. तो बुडतो, चिखलाने भरतो, चिंच आणि राखेने घासला की आठवड्यात पुन्हा झळकतो. पूर माझं फार काही नेऊ शकत नाही. युनूसभाई जुम्म्याच्या नमाजाहून परत येत होते. गल्लीच्या वरच्या तोंडाशी येऊन, आम्हाला कमरेइतक्या पाण्यात बघून ते थबकले आणि चपला हातात घेऊन उतरू लागले, जणू चपला ओल्या होऊ नयेत एवढंच त्या घडीला हातात होतं.

कापूस पाणी पितो म्हणजे काय, ते मी दुसऱ्या दिवशी पाहिलं. एक गादी चार जणांना उचलेना. लग्नसराईसाठी भरून ठेवलेल्या गाद्या, रंगीत खोळींसकट, मेलेल्या म्हशींसारख्या एकमेकींवर पडल्या होत्या. आम्ही त्या घाटाच्या पायऱ्यांवर ओढून नेल्या, फाडल्या, कापूस उन्हात पसरला. तो वाळेना. वरून पापुद्रा धरायचा, आत हात घातला की गार चिखल. आठ-दहा दिवसांनी त्या ढिगातून हिरवे कोंब आले. कापसात राहून गेलेली सरकी रुजली होती. युनूसभाईंनी मला बोलावून दाखवलं. "बघा अण्णा, शेती सुरू केली मी," म्हणाले. मी हसलो. तेही हसले. मग हसता हसताच म्हणाले, "भोंगा ऐकू आलता मला त्या दिवशी. कोपऱ्यापर्यंत आला न् बंद पडला. म्हटलं मशीन बिघडली असेल."

"बिघडली असेल," मी म्हणालो.

सरकार चुकलं नव्हतं, असं मला अजिबात म्हणायचं नाही. चांगलं भरभक्कम चुकलं होतं. सांगितलं त्याहून जास्त पाणी सोडलं. होडी आली ती ट्रकवर बसून, पाणी ओसरल्यावर. पंप आला तर डिझेल नव्हतं, डिझेल आलं तोवर पंप दुसरीकडे गेला होता. जेवणाची पाकिटं वाटली गेली ती न बुडालेल्या गल्लीत, कारण तिथवर गाडी जात होती. एवढ्या लांब काठासाठी एक जीप आणि एक भोंगा पुरेल, असं ज्याने कुणी ठरवलं तो माणूस आम्हाला कधी दिसलाच नाही. राग यावा असं सगळंच होतं. म्हणून टीव्हीवाल्यांचा कॅमेरा आला तेव्हा गल्लीने मला पुढे ढकललं, आणि त्या ओल्या कापसाच्या ढिगाशेजारी उभं राहून मी म्हणालो, "एक माणूस इकडे फिरकला नाही. एकाने सूचना दिली नाही." पहिल्यांदा ते वाक्य रागातून आलं. दुसऱ्या कॅमेऱ्यापुढे ते पाठ झालं होतं. मोर्च्यात माईकवरून म्हणालो तेव्हा तर माझा स्वतःचा त्यावर विश्वास बसला होता.

दोष देण्यात एक ऊब असते. ओल्या अंगाला कोरडं पांघरूण मिळाल्यासारखं वाटतं, गल्ली एक होते, वर्षानुवर्षं न बोलणारे शेजारी घोषणा देताना एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवतात. पण सरकार म्हणजे कोण, हे बोट रोखून दाखवायची वेळ आली की बोट हवेत राहतं. सरकारला ही अडचण चांगली माहीत असते. आपण फारच आरडाओरडा केला की ते आपल्यातला सगळ्यात खालचा माणूस उचलतं आणि आपल्यासमोर ठेवतं: हा घ्या. आपणही घेतो. दोषसुद्धा उताराकडे वाहतो, आणि वाहत असताना त्याला वाट करून द्यायला वरचे आणि आपण, दोघंही तत्पर असतो.

आमच्यासमोर त्यांनी पगाऱ्यांना ठेवलं.

आमच्याकडे लग्नाच्या पंगती उठल्यानंतर माणसं लोडाला टेकतात आणि म्हणतात, अण्णा, काहीतरी सांगा. मी मारुतीच्या सहीची गोष्ट कितीदा तरी सांगितली आहे. नाव बदलून. "आमच्या गल्लीत एक इरसाल दुकानदार होता," अशी सुरुवात करायची. सही झाली, बाई हसली, समई खपली, की गोष्ट संपवायची. फार चालते ती गोष्ट. बायको मात्र सुरुवात झाली की पान घेण्याच्या निमित्ताने उठून जाते. आचाऱ्याच्या गोष्टीला ती बसून राहते, म्हणून मला कळलं. या गोष्टीला पुढे एक खोली आहे, आणि तिथवर मी ती कधी नेली नाही.

खोली साधीच होती. लांब टेबल, हिरवं कापड, पंखा, चौकशी करणारे साहेब. गल्लीतर्फे मला बोलावलं होतं. शेजारच्या खुर्चीवर पगारे, धुतलेल्या इस्त्रीच्या शर्टात. टेबलावर त्यांची नोंदवही उघडी. साहेब शांत होते, सज्जन वाटत होते. त्यांनी विचारलं, तुमच्या गल्लीत मारुती दुतोंडे नावाचा कुणी राहतो का? मी म्हणालो, नाही. हे खरंच होतं. साहेब पगाऱ्यांकडे वळले आणि म्हणाले, म्हणजे तुम्ही घरी बसून सह्या ठोकल्या. पगाऱ्यांनी ती सही बहुधा तिथेच पहिल्यांदा वाचली. एखादा माणूस आपल्यावर झालेली चेष्टा सगळ्यांदेखत, उशिरा, एकेक अक्षर करत समजून घेतो, तेव्हा त्याचा चेहरा बघवत नाही. ते म्हणाले, "साहेब, ही सही या शेठनीच केली. यांनीच मला चहा दिला." साहेबांनी वही माझ्याकडे सरकवली. मोर्चा बाहेर उभा होता. माझं नाव घेऊन घोषणा चालल्या होत्या. मी वहीकडे बघितलं आणि म्हणालो, "ही सही माझी नाही."

साहेबांनी कोरा कागद दिला. मी त्यावर माझी खरी सही करून दाखवली. दोन्ही सह्या कुठे जुळत नव्हत्या. अक्षर बदलायला मला सवय आहे. आयुष्य दुसऱ्यांची नावं कोरण्यातच गेलंय.

पगारे निलंबित झाले. नंतर घेतले परत, पण लांब सुरगाण्याकडे पाठवले, आणि खोट्या सह्या केल्याचा शेरा त्यांच्या सेवापुस्तकात कायमचा बसला. निलंबनाची बातमी आली त्या दिवशी गल्लीत पेढे वाटले. मीच वाटले. युनूसभाईंनी पेढा घेतला, हातात धरला, आणि म्हणाले, "हा माणूस आला होता ना पण?" मी पुढच्या दुकानात पेढे द्यायला निघालो होतो, त्यामुळे मला ऐकू आलं नाही असं मी ठरवलं.

यंदा निरोप आले, हंडे माळ्यावर गेले, आणि शिडीवरून उतरल्यावर मी तसाच खाली युनूसभाईंच्या दुकानात गेलो. ते टाके घालत बसले होते. भोंगा कुणी बंद करायला लावला, सांगायचं कोण विसरलं, सही कुणाची, सगळं सांगितलं. माझी तयारी शिव्या खायची होती. खरं तर मला त्या हव्याच होत्या. त्यांनी गादीचा टाका ओढला, दोरा दाताने तोडला.

"अण्णा," म्हणाले, "कापूस गेला माझा, त्यानंतर दुसरा आला. मी गाद्या विकतोच आहे ना? उस आदमी का नाम गया. मला काय सांगता, त्याला जाऊन सांगा."

मग मी जबाब लिहायला बसलो. चार पानं झाली. लिहिताना हात मोकळा सुटला होता. पावसाचं वर्णन, पगाऱ्यांचा रेनकोट, मारुतीची सही, माझा विसरभोळेपणा, वाळता न वाळणारा कापूस, पेढे. वाचून मलाच भरून आलं.

पगारे आता निवृत्त होऊन वणीच्या बाजूला त्यांच्या गावी असतात. एसटीतून उतरलो तेव्हा रस्त्याच्या कडेला टोमॅटोच्या क्रेटांच्या भिंती लागल्या होत्या आणि डोंगर अर्धा ढगात होता. ते ओसरीत टोमॅटो निवडत बसले होते; पावसाने तडकलेले बाजूला, चांगले क्रेटमध्ये. मला ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. ओळख दाखवायला मात्र त्यांनी दोन क्रेट भरेपर्यंत घेतला.

"बसा," म्हणाले. शेठ म्हणाले नाहीत.

मी कागद दिले. म्हटलं, तुमच्या कचेरीत देणार आहे, शेरा काढायला लागेल तिथे येईन, आधी तुम्ही वाचा. त्यांनी हात पुसले, आतून चष्मा आणला आणि वाचायला लागले, सरकारी माणसासारखं, ओळीखाली बोट धरून. मारुतीच्या सहीपाशी आले तेव्हा किंचित हसले. मला तिथे लाज वाटायला हवी होती. पण मला आनंद झाला. जीभ वळवळली. "भाऊसाहेब, त्या बाईंनी तर समईसुद्धा," एवढं मी बोललोही. त्यांनी वर न बघता बोट उचललं.

चारही पानं संपली. त्यांनी ती टोकाशी टोक जुळवून मांडीवर ठेवली.

"चांगलं लिहिलंय. सही चेष्टेत केली, सांगायचं विसरलात, वाईट वाटलं. सगळं आलंय." मग पुन्हा पानं उलटली. "चौकशीचा दिवस कुठंय?"

मी म्हणालो, ते ओघात आलंच आहे की.

"नाही आलं. हे बघा, इथं कापूस वाळतोय. इथून एकदम पेढे. मधला दिवस नाही." त्यांचा आवाज चढला नव्हता. "सही चेष्टेत केली, ठीक आहे. माणूस करतो चेष्टा. साहेबांनी विचारलं तेव्हा मी तुमच्या शेजारी बसलो होतो. 'माझी नाही' म्हणालात, ते पण चेष्टेत का?"

आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

"नाही," मी म्हणालो.

"मग ते लिहा."

त्यांनी एक रिकामा क्रेट उपडा करून माझ्यापुढे ठेवला आणि खिशातलं पेन दिलं. मी लिहिलं, त्या वेळच्या गडबडीत मी. त्यांनी गडबडीवर बोट ठेवलं. मी ते खोडलं. मग लिहिलं, लोकांच्या दबावामुळे. पुन्हा बोट. तेही खोडलं. कागदावर एवढ्या रेघोट्या झाल्या की त्यांनी आतून कोरा कागद मागवला. त्यांच्या बायकोने तो पिठाच्या हाताने आणून दिला आणि ती दारातच उभी राहिली.

शेवटी जे उरलं ते तीन ओळींचं होतं. त्यांनी मोठ्याने वाचायला सांगितलं. माझ्या आवाजाला गल्लीची दोन्ही टोकं पुरत नाहीत. तिथे तो दोन माणसांनाही ऐकू जाईना, पुन्हा वाचावं लागलं: सही मी केली होती. मला विचारलं तेव्हा ती माझी नाही असं मी सांगितलं. पगारे खरं बोलत होते.

बायकोकडे त्यांनी एकदा बघितलं. मग चष्मा काढला.

"खाली तारीख घाला," म्हणाले. "आजची."